बुडबुड्याविना भरलेली बाटली

बोअरची मोटर सुरू करून पाऊण तास झालेला असतो. पाणी दंडाने पुढे वाफ्यांत चाललेलं, बांधावर बादली, बादलीत काचेची बाटली आणि बाटलीच्या तळापर्यंत सोडलेली नळी. बाटलीच्या तोंडावरून पाणी संथपणे ओसंडत असतं. मग नळी हळूहळू वर काढायची, पाण्याखालीच झाकण फिरवून घट्ट करायचं, बाटली उलटी करून उजेडासमोर धरायची. मोहरीएवढा जरी बुडबुडा वर चढताना दिसला, तरी पाणी ओतून द्यायचं आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. बाटली मनासारखी भरली की घड्याळ पाहायचं आणि वहीत तास-मिनिटं लिहायची.

नैसर्गिक पाण्यात विरघळलेला रेडॉन हा किरणोत्सारी वायू कसा मोजतात, हा या पुस्तिकेचा विषय. पुढच्या प्रकरणांत गणकयंत्रं आहेत, सूत्रं आहेत, आलेख आहेत. पण विहिरी, बोअर, गरम पाण्याची कुंडं आणि नद्यांचे डोह यांच्या काठी बसून अनेक वर्षं हे काम केल्यावर माझी खात्री झाली आहे, की रेडॉनचं मोजमाप खरं तर पाण्याकाठीच होऊन जातं. यंत्र त्याचा फक्त हिशेब सांगतं. नमुना घेताना जो वायू निसटला, तो कितीही महागडं यंत्र आणलं तरी परत येत नाही. म्हणून प्रस्तावनेचा बराचसा भाग मी बाटली भरण्यावर खर्च करणार आहे. वाचकाला ते अती वाटलं तर त्याने एकदा बोअरवर जाऊन दोन बाटल्या भरून पाहाव्यात.

आधी या वायूची ओळख. खडकात आणि मातीत थोडंफार युरेनियम सगळीकडे असतं. त्याचं अर्धायुष्य ४४७ कोटी वर्षं, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या वयाइतकं. त्याच्या क्षयाच्या साखळीत पुढे रेडियम-२२६ येतं, त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. रेडियमचा अणू अल्फा कण बाहेर फेकतो तेव्हा मागे उरतो तो रेडॉन-२२२. साखळीतली आधीची आणि नंतरची सगळी मंडळी घनरूप. हा मधला एकटाच वायू, आणि तोही हेलियम-निऑनच्या घराण्यातला, कुणाशी रासायनिक नातं न जोडणारा. अल्फा कण सुटताना बंदुकीसारखा मागे धक्का बसतो. त्या धक्क्याने खनिजाच्या कणाच्या कडेला असलेला अणू उसळून भेगेतल्या पाण्यात येऊन पडतो आणि पाण्याबरोबर चालू लागतो. त्याच्याकडे वेळ मात्र थोडा असतो. रेडॉन-२२२ चं अर्धायुष्य ३.८२ दिवस आहे. थोरियमपासून होणारा त्याचा भाऊबंद, रेडॉन-२२० म्हणजेच थोरॉन, याचं अर्धायुष्य तर ५६ सेकंदांच्या आत आहे. बाटलीचं झाकण लावून घड्याळ पाहीपर्यंत त्यातला बराचसा संपलेला असतो. त्यामुळे पाण्यातला रेडॉन असं आपण म्हणतो तेव्हा बोलणं जवळजवळ नेहमी रेडॉन-२२२ बद्दल असतं.

किती असतो तो? समजा, एका बोअरच्या पाण्यात दर लिटरला १०० बेकरेल रेडॉन आहे. म्हणजे त्या लिटरभर पाण्यात सेकंदाला सरासरी १०० अणूंचा क्षय होतो. अर्धायुष्यावरून हिशेब केला तर त्या लिटरमध्ये रेडॉनचे सुमारे पावणेपाच कोटी अणू आहेत असं निघतं. २०११ च्या जनगणनेतल्या महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या निम्म्यालाही हा आकडा पोचत नाही. आणि त्याच लिटरमध्ये पाण्याचे रेणू किती, तर ३३ वर २४ शून्यं. एवढ्या गर्दीत हे मूठभर अणू रसायनशास्त्राच्या कुठल्याही परीक्षेला सापडणार नाहीत. रंग नाही, वास नाही, चव नाही. ते सापडतात ते केवळ मरताना. प्रत्येक अणू जाताना एक अल्फा कण सोडतो, आणि त्या एकेका कणाची खूण आपण मोजू शकतो. या शास्त्राने मला तरुणपणी ओढलं ते याच कारणाने. एकेक अणू मोजून केलेला हिशेब आणि तोही शेताच्या बांधावर बसून, असं दुसरं काम मला माहीत नाही.

या मोजमापाला आता सव्वाशे वर्षं होत आली. १८९९ साली रदरफर्ड आणि ओवेन्स यांना थोरियममधून काहीतरी किरणोत्सारी हवेसारखं बाहेर पडतं असं दिसलं. १९०० साली जर्मनीतल्या हाले इथे फ्रीड्रिश डोर्न यांनी रेडियमच्या बाबतीत तेच नोंदवलं. त्याला वायू म्हणायचं की आणखी काही, हा वाद अजून पुरता मिटलाही नव्हता, तेवढ्यात १९०३ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी केंब्रिजच्या विहिरीच्या पाण्यातून किरणोत्सारी वायू काढून दाखवला. इलेक्ट्रॉन शोधणाऱ्या माणसाला विहिरीच्या पाण्यात डोकावून पाहावंसं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढच्याच वर्षी पिएर क्यूरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी गरम झऱ्यांतून निघणारे वायू तपासले, आणि ऑस्ट्रियात हाइनरिख माखे यांनी गास्टाइनच्या झऱ्यांचा अभ्यास सुरू केला. युरोपातल्या स्नानगृहांत पुढे कित्येक वर्षं पाण्याची ताकद ‘माखे’ या एककात सांगत. एक माखे म्हणजे दर लिटरला सुमारे साडेतेरा बेकरेल.

त्या काळचं उपकरण साधं होतं. पत्र्याच्या डब्यात झऱ्याचं पाणी घ्यायचं, झाकण लावून जोराने हलवायचं म्हणजे वायू पाण्यातून डब्यातल्या हवेत येतो, आणि वर विद्युतदर्शक बसवून त्याचं पान किती वेगाने खाली येतं ते पाहायचं. आजच्या यंत्रात पंप आहे, संगणक आहे, पण मुळातली क्रिया तीच आहे. पाणी घुसळून वायू हवेत आणायचा आणि मग हवेत मोजायचा.

त्या वेळच्या एका समजुतीचा उल्लेख इथे केला पाहिजे, कारण तिच्यात एक खरं निरीक्षण दडलेलं आहे. झऱ्याकाठी प्यायलेलं पाणी गुण देतं आणि तेच बाटलीत भरून घरी नेलं की त्याचा गुण जातो, असं लोक आणि वैद्य फार पूर्वीपासून म्हणत. रेडॉन सापडल्यावर त्यांना वाटलं, कोडं सुटलं. बाटलीतून जातो तो हाच. त्या विश्वासातून पुढे भलतंच घडलं. अमेरिकेत १९१२ साली ‘रेव्हिगेटर’ नावाच्या मातीच्या भांड्याचं पेटंट घेण्यात आलं. भांड्याच्या आतल्या बाजूला रेडियमयुक्त खनिजाचा थर, त्यात रात्रभर पाणी ठेवायचं आणि सकाळपासून ते प्यायचं. अशी भांडी घरोघर गेली. पाण्याच्या औषधी गुणाबद्दलचं त्यांचं म्हणणं मी मान्य करत नाही. पण बाटलीतून वायू जातो, वाटेत जातो, वेळेबरोबर जातो, हे त्यांनी अचूक हेरलं होतं. आपल्या कामातली निम्मी काळजी त्या एकाच गोष्टीची आहे.

आता बाटलीकडे परत येऊ.

बोअर बंद असते तेव्हा तिच्या नळकांड्यात पाणी उभं असतं. त्याचा खडकाशी संबंध तुटलेला असतो. नवा रेडॉन फारसा मिळत नाही आणि जुना संपत जातो. असं पाणी आठ दिवस उभं राहिलं तर त्यातला चौथा हिस्साही रेडॉन उरत नाही. मोटर सुरू केल्या केल्या जो धरला, तो नमुना बोअरचा झाला, खडकातल्या पाण्याचा झाला नाही. म्हणून आधी उपसा. सहा इंची बोअरमध्ये दर मीटरला साधारण १८ लिटर पाणी मावतं. ५० मीटर पाणी उभं असेल तर ९०० लिटर झाले, आणि रिवाज आहे तो निदान तिप्पट पाणी उपसण्याचा. मिनिटाला साठ लिटर देणारी मोटर असेल तर पाऊण तास. उपसा पुरेसा झाला हे घड्याळापेक्षा पाण्यालाच विचारावं. तापमान आणि विद्युतवाहकता दर पाच मिनिटांनी पाहावी, दोन्ही स्थिरावली की खालचं ताजं पाणी वर येऊ लागलं. शेतकऱ्याला हे पाणी फुकट जातंय असं वाटू नये म्हणून मी शक्यतो त्याच्या भिजवणीच्या पाळीतच जातो. भारनियमनामुळे ती पाळी कधी मध्यरात्री असते, तर मध्यरात्री जावं.

उघड्या विहिरीत वेगळा प्रश्न. पोहरा टाकून काढलेलं पाणी वर येईपर्यंत खळाळतं आणि वायू सोडतं. विहिरीच्या वरच्या थरातला रेडॉन हवेत गेलेलाच असतो. झरे ज्या अंगाने विहिरीत येतात तिथे खोलवर नळी सोडून, छोट्या पंपाने सावकाश ओढून नमुना घ्यावा. जास्त जोर लावला की नळीतला दाब उतरतो आणि नळीतच बुडबुडे धरतात. हातपंपाचं पाणी हा सगळ्यांत वाईट नमुना, कारण दांडा प्रत्येक वेळी पाण्यात हवा मिसळतो. पण अनेक वस्त्यांवर दुसरं पाणीच नसतं. तिथे आकडा लिहावा आणि त्याच्या शेजारी ‘हातपंप’ असं ठळक लिहावं. तो आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

बाटली काचेची हवी. साध्या प्लॅस्टिकच्या पातळ भिंतीतून रेडॉन झिरपून जातो. सुरुवातीच्या काळात एका तालुक्याच्या गावाहून माझ्याकडे नमुने आले होते. शीतपेयाच्या बाटल्या, अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या, टेम्पोने उन्हातून आलेल्या. पाठवणाऱ्या मुलांनी दोन दिवस पायपीट करून ते गोळा केले होते. मी ते मोजले. जवळजवळ काहीच निघालं नाही, आणि ग्रॅनाइटच्या पट्ट्यातल्या बोअरमध्ये इतकं कमी कसं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी स्वतः तिथे गेलो. त्याच बोअरवर नीट भरलेल्या बाटलीतला रेडॉन त्यांच्या नमुन्याच्या कितीतरी पट निघाला. चूक त्या मुलांची नव्हती. बाटली कशी भरायची हे मीच त्यांना सांगितलं नव्हतं. ही पुस्तिका लिहिण्याचं पहिलं कारण ते आहे.

वेळ लिहिण्याबद्दल. नमुना घेतल्यापासून एका दिवसात १७ टक्के रेडॉन जातो. दहा दिवसांनी सोळा टक्केच उरतो. हा क्षय घड्याळाच्या काट्याइतका नेमका आहे, त्यामुळे नमुना किती वाजता घेतला आणि किती वाजता मोजला हे माहीत असेल तर मूळ आकडा उलट हिशेबाने काढता येतो. बुडबुड्यातून किंवा झाकणाच्या फटीतून गेलेल्या वायूचा असा कोणताही हिशेब नसतो. निसर्गाने घेतलेला वाटा परत मागता येतो, आपल्या हलगर्जीपणाने घेतलेला येत नाही. म्हणून वहीत ‘सकाळी’ असं लिहिलेलं मी मान्य करत नाही. ‘९ वाजून ४० मिनिटं’ असं हवं.

गरम झऱ्यांपाशी हात आणखी जपावा लागतो. कोकणात वज्रेश्वरी-गणेशपुरी, उन्हेरे, उन्हवरे, तुरळ, राजवाडी, राजापूर अशी कुंडांची रांगच आहे. काहींचं पाणी कोमट, काहींचं हात घालवत नाही इतकं कढत. रेडॉन थंड पाण्यात जास्त विरघळतो आणि तापलेल्या पाण्यात कमी. २० अंशांना पाण्यातलं त्याचं प्रमाण वरच्या हवेतल्या प्रमाणाच्या पाव हिश्शाइतकं असतं, ७० अंशांना ते आठव्या हिश्शाच्याही खाली येतं. कुंडाच्या पृष्ठभागावर येईपर्यंत त्याने पाण्याशी फारकत घेतलेली असते. झऱ्याच्या तोंडाशीच, बुडबुडे टाळून, नळी धरली पाहिजे. दुसरी अडचण बाटलीत येते. ७० अंशांचं पाणी काठोकाठ भरून झाकण लावलं, तरी थंड होताना ते सुमारे दोन टक्के आकसतं. पाव लिटरच्या बाटलीत पाच मिलिलिटरची पोकळी तयार होते आणि रेडॉन आनंदाने तिच्यात जाऊन बसतो. बुडबुड्याविना भरलेल्या बाटलीत घरी पोचेपर्यंत बुडबुडा हजर. त्यासाठी पाणी बर्फात बुडवलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातून थंड करून बाटलीत घ्यायचं, किंवा त्या पोकळीतला वायूही मोजून हिशेबात धरायचा. दोन्ही रीती पुढे सविस्तर दिल्या आहेत.

यंत्रांविषयी इथे थोडक्यात. एक रीत अशी, की बाटलीतल्या पाण्यातून बंद चक्रात हवा फिरवायची, ती वाळवणाऱ्या खड्यांतून नेऊन कोरडी करायची आणि गणकात सोडायची. गणक दोन तऱ्हेचे असतात. एकात आतून झिंक सल्फाइडचा लेप दिलेली कुपी असते. अल्फा कण लेपावर आदळला की प्रकाशाची बारीक लकाकी उठते आणि ती मोजली जाते. हेन्री ल्यूकास यांनी १९५७ साली या कुपीला आजचं रूप दिलं, म्हणून तिला ल्यूकास सेल म्हणतात. भाभा अणुसंशोधन केंद्रात विकसित झालेलं, आपल्याकडच्या अनेक विद्यापीठांत दिसणारं हलकं यंत्रही याच तत्त्वावर चालतं. दुसऱ्या तऱ्हेच्या गणकात रेडॉनपासून झालेल्या पोलोनियमचे विद्युतभारित अणू विजेच्या दाबाने सिलिकॉनच्या चकतीवर ओढून घेतात. हवा दमट असेल तर ते वाटेतच अडकतात, म्हणून पावसाळ्यात वाळवणारे खडे निळ्याचे गुलाबी झाले का, याकडे डोळ्यात तेल घालून पाहावं लागतं.

दुसरी रीत द्रव सिंटिलेशनची. छोट्या कुपीत तेलासारखा द्रव असतो, त्याच्या तळाशी सिरिंजने दहा मिलिलिटर पाणी अलगद सोडायचं, झाकण लावून हलवायचं. रेडॉनला पाण्यापेक्षा तेल कितीतरी पटीने जवळचं, तो पाणी सोडून तेलात जातो. मग तीन तास थांबायचं. हे तीन तास विद्यार्थ्यांना जड जातात, पण ते गाळता येत नाहीत. रेडॉनच्या मागून पोलोनियम-२१८, शिसं-२१४, बिस्मथ-२१४ आणि पोलोनियम-२१४ अशी अल्पायुषी संतती येते. या साखळीत सर्वांत सावकाश चालणारं शिसं-२१४, त्याचं अर्धायुष्य २७ मिनिटं. तीन तासांत सगळी साखळी रेडॉनशी समतोल साधते, आणि मग रेडॉनच्या एका क्षयामागे तीन अल्फा आणि दोन बीटा कण मोजायला मिळतात. घाई केली तर आकडा कमी येतो आणि तो किती कमी आहे तेही नीट सांगता येत नाही.

एक सूचना अनुभवातून. मोजलेला रेडॉन सगळा खडकातूनच आला असेल असं नाही. थोडा त्या पाण्यात विरघळलेल्या रेडियममधूनही बाटलीतच तयार होत राहतो. शंका असेल तर घट्ट बंद बाटली सव्वा महिना ठेवून पुन्हा मोजावी. तोवर पाण्याबरोबर आलेला रेडॉन हजारातला जेमतेम एक उरतो. जो सापडेल तो रेडियमचा.

हे सगळं कशासाठी? माझ्या दृष्टीने रेडॉनचं सर्वांत सुंदर काम नदीत दिसतं. नदीचं वाहतं पाणी हवेशी खेळत असतं, त्यात रेडॉन जवळजवळ नसतो. खडकातून आलेल्या भूजलात मात्र तो शेकडो पट असतो. म्हणून मे महिन्यात एखाद्या ओढ्याच्या काठाने चालत जागोजागी पाणी मोजलं, तर जिथे आकडा एकदम चढतो तिथे तळातून किंवा काठातून भूजल झिरपतंय हे कळतं. पुढे खळाळ लागला की आकडा पुन्हा पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांतून कोणता डोह कधी आटत नाही हे म्हाताऱ्या माणसांना पाठ असतं. रेडॉन तोच डोह दाखवतो आणि वर, तिथे दर दिवसाला साधारण किती पाणी झिरपतंय याचा अंदाजही देतो. स्वित्झर्लंडमध्ये १९८० च्या दशकात याची उलटी बाजू वापरली गेली. नदीचं पाणी काठच्या वाळूत मुरलं की त्यात रेडॉन साठू लागतो आणि तीनेक आठवड्यांत आजूबाजूच्या भूजलाइतका होतो. म्हणजे काठच्या विहिरीत रेडॉन अजून किती कमी आहे यावरून नदीचं पाणी विहिरीपर्यंत यायला किती दिवस लागले ते काढता येतं. नदीत सांडपाणी सोडणाऱ्या आणि काठच्या विहिरीचं पाणी पिणाऱ्या कुठल्याही गावासाठी हा आकडा जिव्हाळ्याचा आहे.

समुद्रातही हेच. १९६० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी समुद्र आणि हवा यांच्यातली वायूंची देवाणघेवाण रेडॉनवरून मोजता येईल हे दाखवलं. समुद्राच्या वरच्या थरात रेडियमच्या हिशेबाने जितका रेडॉन असायला हवा त्यापेक्षा कमी सापडतो. तूट म्हणजे हवेत गेलेला भाग. पुढे १९९० च्या दशकात फ्लोरिडातल्या विल्यम बर्नेट आणि सहकाऱ्यांनी किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळातून येणारं गोडं पाणी शोधायला रेडॉन वापरला. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी वाळूतून गोड्या पाण्याचे पाझर फुटतात हे कोळ्यांना ठाऊक असतं. होडीवर पंप आणि गणक ठेवून किनाऱ्याला समांतर जात राहिलं, तर असे पाझर नकाशावर उमटत जातात. विहिरी खारावत चाललेल्या किनाऱ्यावर, गोडं पाणी कुठून समुद्रात जातंय हे कळणं ही साधी गोष्ट नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गरम कुंडाच्या पाण्यात रेडॉन सापडला की पाणी फार खोलातून, युरेनियमच्या साठ्याजवळून आलं, असं अनेकदा छापून येतं. रेडॉन ते सांगू शकत नाही. खोलातून वर यायला पाण्याला महिना लागला, तर तळाशी घेतलेला रेडॉन वाटेतच संपलेला असतो. कुंडाच्या तोंडाशी सापडतो तो शेवटच्या काही दिवसांच्या प्रवासात, शेवटच्या काही खडकांकडून मिळालेला. झऱ्याच्या तोंडाशी साचलेल्या पुटांत रेडियम असेल तर तो तिथलाच. उगम विचारायचा असेल तर हेलियमला विचारावं, तो टिकाऊ आहे. रेडॉनकडे फक्त शेवटच्या मुक्कामाची साक्ष आहे, पण ती साक्ष खरी आहे.

या साक्षीवर भूकंपाचा भार टाकण्याचा मोह जुना आहे. १९६६ च्या ताश्कंद भूकंपाआधी तिथल्या खोल विहिरीच्या पाण्यात रेडॉन वाढत गेला होता. १७ जानेवारी १९९५ ला जपानमध्ये कोबे हादरलं. त्याआधी नऊ दिवस, ८ जानेवारीला, तिथल्या एका विहिरीतला रेडॉन नेहमीच्या दहापट झाला होता. या नोंदी खऱ्या आहेत. पण पाऊस, हवेचा दाब आणि शेजारच्या बोअरचा उपसा यांनीही रेडॉन चढतो-उतरतो, आणि कितीतरी भूकंपांच्या आधी तो हललाही नाही. १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरात आजही सांगितला जातो त्या वाचकांना मी कुठलंही खोटं आश्वासन देणार नाही. अखंड, वर्षानुवर्षं, एकाच विहिरीत मोजत राहणं हाच हे नातं तपासण्याचा मार्ग आहे. कोयनेच्या परिसरात खोल विंधन केल्यावर बेसॉल्टच्या थरांखाली ग्रॅनाइटी खडक लागला. तिथे काय चाललं आहे ते उथळ विहिरीतला पावणेचार दिवसांचा पाहुणा सांगेल, अशी अपेक्षा किती ठेवायची ते वाचकाने ठरवावं.

शेवटी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, देगलूरकडे, काळ्या बेसॉल्टचा प्रदेश संपून ग्रॅनाइट उघडा पडतो. तिथल्या एका बोअरवर मी बाटल्या भरत असताना मालक शेजारी येऊन बसले. नळ्या, बादली, वही असं सगळं बघून झाल्यावर म्हणाले, “सर, ते आकडे तुमच्याजवळ राहू द्या. पाणी प्यायचं का नाही, तेवढं सांगा.” त्यांना उत्तर मिळायलाच हवं होतं.

दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम फार थोडं, त्यामुळे महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाण्यातला रेडॉन कमीच असतो. ग्रॅनाइट आणि नाइसच्या प्रदेशात, म्हणजे नांदेडचा हा कोपरा, पूर्व विदर्भ, सिंधुदुर्गाचा काही भाग, तो वाढू शकतो. बेंगळुरूच्या ग्रॅनाइटमधल्या बोअरच्या पाण्यात अनेक ठिकाणी दर लिटरला १०० बेकरेलहून जास्त रेडॉन सापडला आहे. युरोपीय संघाच्या २०१३ च्या निर्देशात १०० बेकरेल ही लक्ष ठेवण्याची पातळी आहे, आणि १००० च्या वर गेलं तर उपाय करायलाच हवा. अमेरिकेत दर लिटरला सुमारे ११ बेकरेलची मर्यादा १९९१ मध्ये सुचवली गेली, पण ती कायम झाली नाही. आपल्याकडचे शोधनिबंध या ११ च्या आकड्यावर फार विसंबतात. जी मर्यादा प्रस्तावाच्या पुढे गेलीच नाही, तिच्यावरून गावाला घाबरवू नये.

पोटात गेलेल्या रेडॉनपेक्षा श्वासातून गेलेल्याची चिंता मोठी. घरात वापरलेल्या पाण्यातून तो हवेत येतो, आणि ढोबळ मानाने पाण्यातल्या प्रमाणाचा दहा हजारावा हिस्सा घरातल्या हवेत भर घालतो. दर लिटरला १००० बेकरेल असलेलं पाणी घरच्या हवेत दर घनमीटरला साधारण १०० बेकरेल आणतं. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी धरलेली संदर्भ पातळी तेवढीच आहे. बंद न्हाणीघरात गरम पाण्याने अंघोळ करताना हे जास्त होतं. उपाय मात्र आपल्या घरांत आधीपासून आहे. बोअरचं पाणी गच्चीवरच्या टाकीत उंचावरून पडू द्यावं, टाकीला हवा खेळेल अशी वाट ठेवावी, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवावी. पाणी जितकं खळाळेल तितका वायू जाईल. बाटली भरताना आपण जे जे टाळतो, ते ते सगळं घरी मुद्दाम करायचं. देगलूरच्या त्या मालकांना मी हेच सांगितलं. पाणी प्या, पण आधी टाकीत पडू द्या आणि एक रात्र मुरू द्या. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा त्यांनी टाकीच्या नळाला भोकं पाडलेला पत्रा बसवून पाण्याचा झारा केला होता.

पुढचं प्रकरण सूत्रांनी सुरू होतं. ते वाचण्याआधी वाचकाने एवढं करावं. घरची बादली, काचेची बाटली, तिला घट्ट बसणारं झाकण आणि हातभर रबरी नळी घ्यावी. नळाच्या साध्या पाण्याने दहा वेळा बाटली भरावी आणि प्रत्येक वेळी उलटी करून उजेडासमोर धरावी. ज्या दिवशी दहापैकी नऊ बाटल्यांत बुडबुडा दिसणार नाही, त्या दिवशी बोअरवर जावं. तिथे एकाच बादलीतून दोन बाटल्या भराव्यात आणि दोन्हींवर वेळ लिहावी, तास आणि मिनिटं.